शुश्रूषेला विद्येची जोड देणाऱ्या रमाबाई रानडे

संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त प्रकाशित होणाऱ्या या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचा जीवनपरिचय असावा, अशी संपादक मंडळाची इच्छा कळली, तेव्हा कै. रमाबाई रानडे यांचे नाव मी आनंदाने सुचविले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहधर्मचारिणी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. उंच माझा झोका ही मालिका २०१२-१३ मध्ये घरोघरी पाहिली गेली, त्यामुळे आपल्या भगिनींना तर रमाबाई घरातल्याच वाटू लागल्या. परंतु आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या स्त्रीला त्यांनी शिक्षणाची आणि मानाची जी जोड मिळवून दिली, तो त्यांच्या आयुष्याचा भाग त्या मानाने कमी परिचित आहे. साधू, वृद्ध आणि रुग्ण यांच्या सेवेला, म्हणजे वैयावृत्त्याला, आपल्याकडे आभ्यंतर तपात स्थान दिलेले आहे. तेव्हा हा विषय आपल्या वाचकांना परका वाटू नये.

शुश्रूषा म्हटली की पाय चेपणे, वेळेवर औषध पाजणे, पथ्याचे भरविणे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ही कामे आवश्यक आहेतच. पण त्यांच्या आधीचे एक काम आहे. रुग्णाची अवस्था या घटकेला कशी आहे, सकाळपेक्षा ती सुधारली की बिघडली, हे जाणून घेणे, ते लिहून ठेवणे आणि योग्य वेळी डॉक्टरांच्या कानावर घालणे, हे ते काम. परिचर्याशास्त्रात आज त्याला रुग्णाचे मूल्यांकन म्हणतात. डॉक्टर रुग्णापाशी पाच-दहा मिनिटे असतात, परिचारिका आठ तास असते. रोगाचे निदान डॉक्टर करतात हे खरे, पण रात्री दोन वाजता रुग्णात पडलेला फरक त्यांना कळतो तो परिचारिकेच्या नजरेतून. ही नजर कमवावी लागते, आणि ती कमवायला आधी लिहिता-वाचता यावे लागते. रमाबाईंच्या कार्याचा उगम मला येथे दिसतो.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेवरावांशी झाला. महादेवराव त्या वेळी एकतीस वर्षांचे, पुण्यास न्यायखात्यात अधिकारपदावर, आणि विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. या अल्पवयीन पत्नीला शिकविण्याचे मात्र त्यांनी लगोलग मनावर घेतले. सासरी आलेल्या यमुनेची रमा झाली आणि रमेच्या हाती पाटी आली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला, सोवळ्या-ओवळ्यावरून होणारा छळ, हे सारे रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींच्या ग्रंथात कोणताही कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेले ते आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक मराठी गद्याचे भूषण मानले जाते. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना लाभली.

त्या काळी घरात कोणी आजारी पडले की वैद्यराजांना बोलावणे जाई. ते येत, नाडी पाहत, मात्रा देत आणि जात. नंतरचे दिवस आणि रात्री घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. त्यातही बहुधा एखाद्या विधवा बहिणीच्या किंवा आत्याच्या. अंग किती तापले हे ती हाताच्या पाठीने पाही. लघवी झाली की नाही, अन्न किती गेले, झोप लागली की नुसती गुंगी आहे, हे तिला ठाऊक असे. वैद्यांनी विचारलेच तर ती आडपडद्याने सांगे, न विचारल्यास ते तिच्यापाशीच राही. त्या स्त्रियांची माया आणि अनुभव कमी होता असे नव्हे. घड्याळ, मोजमाप आणि अक्षर, ही तीन साधने मात्र त्यांच्या हाती नव्हती, आणि त्यांच्या सांगण्याला घरात किंमतही नव्हती.

रमाबाईंच्या स्वतःच्या संसारात शुश्रूषेला मोठे स्थान होते. महादेवरावांची दृष्टी विद्यार्थिदशेपासून अधू. त्यामुळे वर्तमानपत्रे, पत्रे, ग्रंथ वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. रात्री पतीच्या तळपायांना तूप चोळण्याचा त्यांचा नेम होता, आणि त्या वेळी वाचन व संभाषण चाले. १८९३ मध्ये महादेवराव मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. पुढील वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. शुश्रूषा करणारा माणूस किती मोलाचा आणि किती दुर्मीळ आहे, हे त्या दोन वर्षांनी साऱ्या मुंबई इलाख्याला दाखवून दिले.

१९०० च्या अखेरीस महादेवरावांची प्रकृती हृदयविकाराने ढासळली. लाहोरच्या सामाजिक परिषदेला जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. या शेवटच्या आजाराची हकीकत रमाबाईंनी ग्रंथात सविस्तर दिली आहे. ती वाचताना मला त्यातील दुःखाइतकेच त्यातील निरीक्षण जाणवले. पतीचा चेहरा, बोलणे, हालचाल, झोप यांतील बारीकसारीक फरक टिपणारी ती लेखणी आहे.

वैधव्यानंतर रमाबाई मुंबई सोडून पुण्यातील आपल्या जुन्या वाड्यात येऊन राहिल्या. बराच काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर मात्र कारागृहातील स्त्रियांना भेटणे, त्यांच्याशी बोलणे, ससून रुग्णालयात जाऊन रुग्णांना फळे-फुले देणे, त्यांची विचारपूस करणे, हा क्रम सुरू झाला. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासून चालू होते. अशा सरकारी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रीची अडचण दुहेरी असे. पुरुष डॉक्टरांपुढे ती आपले दुखणे मोकळेपणी सांगत नसे. आणि तेथील शिकलेल्या परिचारिका बहुतांशी युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन असल्याने त्यांना तिची भाषा, तिचे सोवळे, तिचे उपास-तापास समजत नसत. ताप मोजता येई, पण पोटात नेमके कोठे आणि कधीपासून दुखते, हे तिच्या भाषेत विचारणारे कोणी नसे. अगदीच कोणी नव्हते असेही म्हणता येणार नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत या १८९१ साली परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आल्या, आणि अशा शिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद केली जाते. एतद्देशीय ख्रिस्ती भगिनीही या क्षेत्रात आल्या होत्या. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या समाजाचे दार मात्र घट्ट बंद होते.

येथे थोडे विषयांतर करून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे वळणे भाग आहे, कारण त्यांचा धागा पुण्यापर्यंत आलेला आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी इंग्रज सैनिकांची शुश्रूषा करण्यास त्या तुर्कस्थानात स्कुतारी येथे गेल्या, ही कथा आपण शाळेत वाचलेली असते. हातात दिवा घेऊन फिरणारी देवी, एवढेच चित्र त्यातून मनात राहते. वस्तुतः ही बाई आकडेशास्त्रात अत्यंत निष्णात होती. जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवणाऱ्या रोगांनी अधिक सैनिक मरतात, हे त्यांनी नोंदी मांडून सरकारला दाखवून दिले. परत आल्यावर त्यांनी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला झोप बरी लागली का, असे विचारू नये, कारण त्याला होय किंवा नाही एवढेच उत्तर येते. किती वाजता लागली, किती वेळा मोडली, असे विचारावे, हे त्यांच्या शिकवणीचे सार आहे. प्रकृती बरी आहे या उत्तराला त्या काडीचेही मोल देत नसत. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा उघडली.

नाइटिंगेल बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, परंतु येथील आरोग्याविषयी त्यांनी अनेक दशके लिहिले. ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि या सभेचे आधारस्तंभ न्या. रानडे होते. गुजराती कवी आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिले, त्याच्या १८९२ च्या आवृत्तीला नाइटिंगेल बाईंनी प्रस्तावना दिली. याच मलबारी आणि दयाराम या जोडीने १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन केले आणि त्याच्या धुरा वाहण्यास रमाबाईंना पाचारण केले. पुढील वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याला सेवासदन सुरू झाले ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी व्यवस्थेची बाजू सांभाळली. देवधरांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते; हिशेब, वर्गणी, पत्रव्यवहार यांची नीरस कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली नसती तर संस्था तग धरती ना.

१९११ साली सेवासदनने परिचारिकांचा वर्ग सुरू केला. शिकणाऱ्या स्त्रियांनी ससून रुग्णालयात प्रत्यक्ष शिक्षण घ्यावयाचे, राहण्याची सोय संस्थेने करावयाची, अशी योजना होती. ही गोष्ट आज लिहिताना एका ओळीत उरकते. त्या वेळी तिला किती विरोध झाला असेल, याची कल्पना पुढील गोष्टींवरून यावी. परक्या माणसाच्या देहाला स्पर्श, मलमूत्र उचलणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला पाणी पाजणे, रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे. यातील एकेक गोष्ट ब्राह्मण घरातील स्त्रीला वाळीत टाकायला पुरेशी होती. म्हणून या वर्गाकडे प्रथम वळल्या त्या बहुतेक विधवा. घरोघरी रुग्णांची सेवा त्या नाहीतरी करीतच होत्या, विनामूल्य आणि विनामान. आता त्याच कामाला शिक्षण, प्रमाणपत्र आणि वेतन मिळणार होते. रमाबाईंनी समाजाची ही दुखरी नस अचूक ओळखली, असे मला वाटते. त्यांनी रूढीवर भाषणे कमी केली आणि पोटापाण्याचा मार्ग आधी दाखविला.

सेवासदनच्या एका वार्षिक पारितोषिक समारंभात केशवपन झालेली, लाल आलवण नेसलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी हुल्लड केली. एरवी अतिशय मृदू बोलणाऱ्या रमाबाई आभार मानण्यास उठल्या आणि त्यांनी त्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. दैवाने जिला आधीच मारले त्या भगिनीची टवाळी करणाऱ्याला सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह शांत झाले.

या वर्गात स्त्रिया काय शिकत, याचा विचार आता करू. पहिले शिक्षण तापमापकाचे. आरंभीचे तापमापक फूटभर लांबीचे आणि वीस मिनिटे घेणारे होते. १८६७ च्या सुमारास ऑलबट या इंग्रज डॉक्टरांनी ते सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणले, तेव्हापासून परिचारिकेच्या हाती ते शोभू लागले. हाताने पाहिलेला ताप आणि नळीने मोजलेला ताप यांत काय फरक, असे कोणी विचारील. आमच्या कापडाच्या धंद्यातील उदाहरण देतो. जुना जाणता व्यापारी कापड अंगठा आणि तर्जनी यांत धरून सुताचा पोत सांगतो, आणि बहुधा चुकत नाही. तरीही पन्हा आणि लांबी मोजल्याशिवाय ताग्याचे बिल होत नाही, कारण बिल दुसऱ्याने वाचावयाचे असते. रुग्णाचा ताप १०३ अंश होता, हे वाक्य पुढच्या पाळीच्या परिचारिकेला आणि डॉक्टरांना सारखेच कळते. अंग चांगलेच तापले होते, या वाक्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

आणि एका आकड्याने भागत नाही. दर काही तासांनी घेतलेले आकडे तक्त्यावर मांडले म्हणजे रोग आपली चाल दाखवू लागतो. थंडी वाजून ताप यावा, घाम येऊन उतरावा आणि एक दिवसाआड पुन्हा यावा, ही हिवतापाची ओळख. विषमज्वरात ताप दिवसेंदिवस चढत जातो आणि त्या मानाने नाडी कधी कधी मंद राहते. रक्ततपासणीची सोय गावोगावी नव्हती त्या काळात हा तक्ता म्हणजे निदानाचा मोठाच आधार होता. क्विनीन द्यावयाचे की नाही, हे त्यावरून ठरे. लिहिता न येणाऱ्या परिचारिकेकडून हा तक्ता होणे नव्हे.

विश्रांत अवस्थेत प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. श्वास मोजण्याची एक खुबी आहे. आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की रुग्णाचा श्वास आपोआप बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही परिचारिका मनगटावरील बोटे तशीच ठेवते आणि नजर छातीवर वळवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. माझ्या थोरल्या बंधूंच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी एका तरुण परिचारिकेने याच मोजणीवरून डॉक्टरांना बोलावून घेतले. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता, बंधू स्वतः काही तक्रार करीत नव्हते. श्वास मात्र आदल्या दिवशीच्या १६ वरून २६ वर गेले होते आणि ते थोडे अस्वस्थ दिसत होते. फुप्फुसात संसर्ग सुरू झाला होता, तो वेळीच कळला. रक्तदाब मोजण्याचा पट्टा इटलीत १८९६ साली निघाला आणि छातीनळी लावून मोजण्याची रीत १९०५ साली रशियातील कोरोत्कॉव्ह यांनी दाखविली, म्हणजे रमाबाईंच्या वर्गाच्या वेळी ही साधने नवीनच होती. श्वास मोजायला मात्र घड्याळाखेरीज काहीच लागत नाही, आणि दुर्लक्ष अधिक होते ते त्याच्याकडेच.

मोजता न येणाऱ्याही पुष्कळ गोष्टी असतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कूस बदलविताना त्याचे माकडहाड, टाचा, कोपरे पाहावयाचे. तेथे लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर जखम होण्यास आरंभ झाला असे समजावे. दुखणे किती आहे, हे रुग्णच सांगू शकतो, त्याच्या वतीने मुलाने किंवा सुनेने सांगून चालत नाही. आणि त्याने गप्प राहणे म्हणजे दुखत नाही असेही नव्हे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तर कण्हणेसुद्धा लाजिरवाणे मानीत आल्या आहेत. येथे परिचारिकेची भाषा आणि समज उपयोगी पडते.

याचे आपल्या घरातील उदाहरण सांगतो. पर्युषणात अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या करणारी व्यक्ती केवळ उकाळलेले पाणी घेते आणि तेही सूर्यास्तापूर्वी. तिच्या पाण्याची व लघवीची नोंद ठेवताना हे ध्यानात घेतले नाही तर रात्रीचा रिकामा रकाना पाहून नवखी परिचारिका घाबरेल, किंवा याउलट, तपस्वीला चक्कर का येते याचा तिला उलगडा होणार नाही. मधुमेहाची गोळी चालू असेल तर प्रश्न अधिकच नाजूक होतो आणि तो डॉक्टरांपुढे पच्चक्खाण घेण्याच्या आधी मांडणे इष्ट. रुग्णाची श्रद्धा, आहार आणि सवयी यांची विचारपूस हा मूल्यांकनाचाच भाग आहे. आपल्यातील स्त्रियांनी या शिक्षणाकडे वळावे, असे रमाबाईंना का वाटले, ते यावरून समजते.

कोरोनाच्या २०२०-२१ च्या साथीत हे शास्त्र काही काळ आपल्या नालासोपाऱ्यातील घराघरांत शिरले होते. बोटाला ऑक्सिमीटर लावणे, ९४ च्या खाली आकडा जातो का ते पाहणे, सहा मिनिटे चालून पुन्हा पाहणे, आणि वहीत तारीख-वेळ घालून लिहिणे, हे शाळकरी मुलांनाही जमू लागले. साथ ओसरली आणि वह्या रद्दीत गेल्या. आज आपल्या इमारतींमधून अंथरुणावर पडून असलेले वृद्ध कितीतरी आहेत. मुले सकाळच्या लोकलने मुंबईस जातात आणि ब्युरोमधून आणलेली बाई दिवसभर जवळ बसते. ती बिचारी कष्टाळू असते, पण तिला कोणी काही शिकविलेले नसते. रात्री घरी आल्यावर मुलगा विचारतो, बाबा कसे आहेत, आणि ती सांगते, बरे आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. रुग्णालयाला खाट, यंत्र किंवा रुग्णवाहिका देताना आपल्या समाजाचा हात कधी आखडत नाही, याचा मला अभिमान आहे. आपल्या मुली डॉक्टर होतात, सी. ए. होतात, औषधांच्या दुकानात बसतात. परंतु परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीला घरातून विरोध होतो, आणि लग्नाच्या वेळी मुलाकडची मंडळी नाक मुरडतात. रात्रपाळी, परपुरुषाचा स्पर्श, लोक काय म्हणतील. १९११ साली पुण्यात जी कारणे सांगितली जात, तीच आज शब्द बदलून सांगितली जातात. रमाबाईंच्या विद्यार्थिनींच्या मागे निदान उपासमारीची निकड होती. आपल्याकडे तीही नाही, म्हणून आपला नकार अधिक पक्का आहे, असे म्हणावे लागते.

रमाबाईंचे इतर कार्य विस्तृत आहे, त्याचा केवळ उल्लेख करतो. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पुण्यात मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी चळवळ उभारली आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या. परिचारिकांच्या शिक्षणाला पुढे कायद्याची चौकट लाभली. मुंबई इलाख्यात परिचारिका व सुईणी यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. रमाबाईंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९६२ रोजी, टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.

उतारवयात त्या आषाढी आणि कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीस जात. वारीला आलेल्या स्त्रियांची तेथे विचारपूस होई आणि लागेल ती मदत दिली जाई. त्या गर्दीत ठिकठिकाणच्या खेड्यांतून आलेल्या, रुग्णालयाची पायरी कधी न चढलेल्या बायका असत. त्यांच्याच भाषेत बोलणारी, लिहिता-वाचता येणारी एक बाई जवळ बसून, बाई, काय होतंय, असे विचारीत असे, आणि त्या सांगत. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. सेवासदनमधून मुलींनी ससूनला शिकावयास जाण्याचा क्रम त्यानंतरही चालू राहिला.